बिनखटक्याचा गिअर

"हात दाखवा," तळेकर सर म्हणाले.

मी दोन्ही हात पुढं केले. त्यांनी तळवे बघितले, दंड चाचपला. मग पिशवीतून रद्दीवाल्याकडं असतो तसला स्प्रिंगचा काटा काढला, त्याचं एक टोक खिडकीच्या गजाला अडकवलं आणि दुसरं माझ्या हातात दिलं.

"ओढा. जीव काढून नको. रोज चढावर लावता तेवढाच जोर."

मी ओढलं. त्यांनी काटा वाचला, चष्मा पुसला आणि परत ओढायला लावलं.

"सिंधूताई, या हातांना काही झालेलं नाही. चांगले दणकट आहेत."

"मग रोज सकाळी जीव कुणाचा जातो, शेजारणीचा?"

ते हसले. मला हसू आलं नाही. दमलेल्या माणसाला तू दमलेला नाहीस असं सांगितलं की त्याचं डोकं फिरतं, आणि माझं तर तेव्हा कशानंही फिरायचं.

पोलिओनं माझे दोन्ही पाय लहानपणीच नेले. तेव्हापासून ही हातानं चालवायची तीनचाकी. छातीसमोर हाताचं पेडल, तिथून चेन खाली पुढच्या चाकाला. साताऱ्यात आमचं घर चढाच्या पायथ्याला आणि माझा टेलिफोन बूथ वर, कचेरीसमोर. अपंगांच्या कोट्यातून मिळालेला बूथ, त्यामुळं त्यांनी दिली ती जागा. मोबाइल तेव्हा साहेबलोकांच्या कमरेलाच दिसायचा, बाकी सगळं गाव माझ्याकडं रांगेत उभं राहायचं. त्या बूथवर माझं पोट होतं आणि गावात मान होता तोही त्याच्यामुळंच. मधे आडवा पडलेला हा चढ.

आयुष्यभर चढले तो. पण शेवटची दोन-तीन वर्षं अशी गेली की वर पोचल्यावर बराच वेळ रिसीव्हरसुद्धा उचलवायचा नाही. लोक खोळंबायचे. घरी आलं की दंडाला तेल, मानेला तेल, सगळ्या अंथरुणाला तेलाचा वास. वय झालं, असं मी धरून चालले होते. वर जाता येईना झालं की बूथ परत करायचा आणि घरात बसून शेंगा सोलायच्या, हे डोळ्यांपुढं दिसायला लागलं होतं.

आणि हे सगळं दादाचा हात मागं असताना. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, मुकुंद हेंद्रे, चित्रकलेचे मास्तर म्हणून निवृत्त झालेला. वहिनी गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. रोज सकाळी तो माझ्या पाठीमागची नळी धरून मला वर सोडायचा. मग त्याचा दिवस सुरू. वाचनालय, जुने विद्यार्थी, पाट्या रंगवणारी पोरं त्याला अक्षराचं वळण विचारायला यायची. संध्याकाळी उतारावर माझ्याबरोबर खाली.

त्याची मुलगी क्षमा नाशकात. ती दर रविवारी फोन करायची. "बाबा, या वयात कसली गाडी ढकलताय? इकडं या, आराम करा." दादाचं उत्तर ठरलेलं. "अगं, सिंधूला कोण ढकलणार?" मी शेजारीच बसलेली असायचे. माझ्यापायी भाऊ अडकलाय हे मला जेवतानासुद्धा टोचायचं.

तळेकर सर खालच्या इंजिनिअरिंग कॉलेजात नवीन लागलेले. गाव परभणी. आईला फोन करायला माझ्याकडं यायचे. एकदा फोन झाल्यावर माझ्या गाडीकडं बघत उभे राहिले आणि म्हणाले, "हिला गिअर का नाही?" आजवर कुणी हा प्रश्नच विचारला नव्हता. मी म्हटलं, तुम्हीच बसवा. मला दोनच गोष्टी हव्या होत्या. बूथ सुटायला नको आणि दादा सुटायला हवा.

तर काटा बाजूला ठेवून सरांनी पडवीत दोन गिअर मांडले.

"हा पहिला. स्पोर्ट सायकलवर असतो तसा. लिव्हर ओढली की चेन खटकन एका चक्रीवरून दुसरीवर. चढ आला की तुम्ही खटका मारायचा, पेडल हलकं."

"त्याला एक हात सोडावा लागणार."

"क्षणभर."

"चढावर?"

"तेच ना. म्हणून हा दुसरा." दोन थाळ्या पाठीला पाठ लावून ठेवाव्यात तशी ती पुली होती आणि मधल्या खाचेत पट्टा. "बिनगिअरची स्कूटर असते ना, तिच्यातली कल्पना. यात टप्पे नाहीत. तुमच्या हातावर ओझं आलं की या थाळ्या फाकतात, पट्टा आत बुडतो, पेडल हलकं होतं. ओझं कमी झालं की पट्टा परत काठाला येतो आणि गाडी पळते. तुम्ही काही करायचं नाही. आवाजसुद्धा नाही."

दादा चहा घेऊन आला होता. "म्हणजे न बोलता समजून घेतं म्हणा. आमच्या हिला दाखवा जरा. हिला न बोलता काहीच जमत नाही."

"तू चहात साखर विसरलास, तेही न बोलता पिऊ का?" मी म्हटलं, आणि सरांना विचारलं, "मग हाच बसवा की."

"थांबा. पट्टा फुकट काम करत नाही. तुमच्या जोरातला थोडा तो स्वतःच खातो. चेन फारसं खात नाही. दोन्ही चालवून बघू आणि मग ठरवू."

पुढच्या रविवारी चेनचा गिअर बसवला. सरांनी दादाला पायथ्याच्या कट्ट्यावर बसवलं. "मास्तर, आज तुम्ही यायचं नाही. मला ताईंचे एकटीचे हात बघायचेत." दादा जरा हिरमुसला. वर्तमानपत्र उघडून बसला, पण वाचत नव्हता.

मी चढले. दगडी शाळेपाशी एक खटका, वळणाशी दुसरा. एक हात सोडताना दुसऱ्यानं पेडल आवळून धरायचे, पण ते असं सैल पडायचं की मी वर कधी पोचले कळलं नाही. सर शेजारून पळत होते, त्यांनाच धाप लागली.

"कसं वाटलं?"

"सोपं वाटलं," मी म्हटलं. मला खरंतर राग आला होता. इतकं सोपं होतं तर रोजचं मरण कशाचं?

त्याच्या पुढच्या रविवारी पट्टा. पुली पेडलपाशीच, माझ्या डोळ्यांसमोर. सरांनी थाळीच्या आतल्या बाजूला तांबड्या रंगाचं कडं काढून दिलं होतं, पट्टा किती बुडतो ते कळावं म्हणून. चढ लागला तसा तो हळूहळू आत सरकला आणि तांबड्याच्या बराच अलीकडं थांबला. पेडल चेनपेक्षा किंचित जड. पण दोन्ही हात जागेवर, खटका नाही, काही नाही. मला ते आवडलं होतं.

वळणाच्या अलीकडं एक दूधवाला सायकलवरून उतरला. "चला ताई," म्हणून त्यानं मागून जोर लावला. आमच्याकडं ती रीतच आहे. चढावर तीनचाकी दिसली की येणारा-जाणारा हात लावतो, विचारत नाही. मास्तर मागं असले तर मात्र कुणी पुढं होत नाही, तो त्यांचा मान. आज मास्तर नव्हते. दूधवाल्यानं ढकललं तशी गाडी सुसाट निघाली, पट्टा काठाला आला. वळणाशी तो "येतो ताई" म्हणून बाजूला झाला आणि पेडल दगडासारखं अडलं. दोन्ही हातांनी रेटलं तरी हलेना. गाडी मागं यायला लागली. मी ब्रेक आवळला, सरांनी धावत येऊन खांदा लावला, तेव्हा थांबली. दूधवाला बिचारा पांढराफटक.

"त्याची चूक नाही," सर म्हणाले. "त्यानं ढकललं, पट्ट्याला वाटलं चढ संपला. आणि पेडल फिरल्याशिवाय पट्टा परत आत जात नाही. माझ्या डोक्यात हे यायला हवं होतं."

"साताऱ्यात ढकलल्याशिवाय कोण राहणार?"

"म्हणूनच म्हणतो, चेन. हलकी आहे आणि कुणी ढकललं तरी बिघडत नाही. उद्याचा दिवस याच्यावर काढा, संध्याकाळी येऊन बदलतो." 

मलाही पटलं. खाली आलो तर दादा कट्ट्यावर उभाच होता. "झालं का एकटीनं?" त्यानं विचारलं. मी हो म्हटलं. "वा," तो म्हणाला. आणि न वाचलेल्या वर्तमानपत्राची घडी घातली. त्या रात्री क्षमाचा फोन आला तेव्हा मी तिला सांगून टाकलं, गं बाई, आता तुझ्या बाबांना घेऊन जा. क्षमा इतकी खूश झाली की रडली. दादा पलीकडं पेन्सिलीला टोक काढत बसला होता. त्यानं ते टोक मोडेपर्यंत काढलं.

"तिथं तिसऱ्या मजल्यावर मी करू काय?" तो म्हणाला. "गॅलरीतून गाड्या बघू?"

"आराम कर. माझी उठाबस करून कंटाळला नाहीस?"

"कंटाळलो की," तो म्हणाला, आणि दिवा बंद केला.

सोमवारी सकाळी आम्ही नेहमीसारखे निघालो. पुढं मी, मागं दादा. सपाटीवर पट्टा काठाला. दगडी शाळेपासून चढ लागला तसा आत सरकायला लागला, तो काल जिथं थांबला होता तिथं थांबलाच नाही. आणखी आत गेला. तांबडं कडं झाकलं गेलं. मी पेडल फिरवत होते, ते फिरत होतं, पण गाडी मुंगीच्या पावलानं. खांदे भरून आले. तेच रोजचं मरण.

माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हेच की पुली बिघडली. मागून दादा ढकलतोय म्हटल्यावर पट्टा बाहेर यायला हवा. कालच बघितलं होतं ना दूधवाल्याचं.

"दादा," मी म्हटलं, "हात काढ बरं जरा."

"का गं?"

"काढ तर. पट्टा बघतेय."

त्यानं हात काढला. पट्टा वर आला, तांबडं कडं दिसलं. गाडी हलकी होऊन पुढं निघाली, आणि मागून येणारी पावलं थांबली. मला मागं वळून बघता येत नाही, पाठीची नळी आडवी येते. पण कान होते. फुटक्या भात्यातून यावा तसा श्वास मला ऐकू आला. गाडीच्या खडखडाटात आणि माझ्या स्वतःच्या धापेत तो रोज बुडून जात असणार.

मी ब्रेक लावला.

"काय झालं?" बऱ्याच अंतरावरून त्यानं विचारलं.

"काही नाही. घाम पुसायचा होता."

मी पदरानं तोंड पुसलं, मान पुसली, परत तोंड पुसलं. तो येईपर्यंत पुसत राहिले. नळीवर त्याचा हात पडला तशी अख्खी गाडी किंचित मागं कलली. रोजच कलत असणार. मला ते ढकलणं वाटायचं.

"चल," तो म्हणाला. "ढकलतो."

"चल."

पट्टा परत आत गेला, तांबड्याच्या पलीकडं. मी दात-ओठ खाऊन फिरवत राहिले. डोळ्यांत पाणी आलं होतं ते घामात खपून गेलं. हे कधीपासून चाललं होतं ते मला आजही ठाऊक नाही. एके काळी तो खरंच ढकलायचा. मग कधीतरी, एखाद्या सकाळी, ढकलणं संपलं असेल आणि धरणं सुरू झालं असेल. त्याला स्वतःला ते कळलं होतं का, हेही मी कधी विचारलं नाही. वर पोचल्यावर त्यानं रुमालानं कपाळ टिपलं आणि ऐटीत वाचनालयाकडं गेला. पायऱ्यांवर दोन जुने विद्यार्थी त्याच्या पाया पडले.

दिवसभर मी लोकांना नंबर लावून देत होते आणि माझं लक्ष नव्हतं. एका बाईला सोलापूरऐवजी कोल्हापूर लावून दिलं. तिनं मला चार शब्द सुनावले, मी ऐकून घेतले.

संध्याकाळी तळेकर सर चेनचा गिअर घेऊन घरी आले. पाने, पक्कड मांडून बसले. दादा पाटावर बसून बघत होता.

"हा बरा," दादा म्हणाला. "मला आवाजामुळं आवडला. ही कट्ट्यावरून दिसत नव्हती, पण खटका खालपर्यंत ऐकू आला. हिनं खटका मारला की मला मागं कळणार, हिला जड जातंय. मग मी आणखी जोर लावीन."

मी त्याच्याकडं बघितलं. तो मनापासून बोलत होता. रोज सकाळी त्याचा हात नळीवर पडणार, आणि पडला की मला खटका मारावा लागणार. एक दिवस, दोन दिवस. मास्तर होता तो, आंधळा नव्हता.

"सर," मी म्हटलं, "चेन नको. पट्टाच राहू दे."

सरांनी पाना खाली ठेवला. "काल काय झालं ते विसरलात?"

"दादा मागं असला की दुसरं कुणी हात लावत नाही."

"पण मास्तर नाशकाला जाणार ना?"

"कुणी सांगितलं?" मी म्हटलं. "आज मी एकटी चढायला बघितलं. नाही जमत मला दादाशिवाय. काल काय, नव्याची हौस होती."

दादा पाटावर जरा ताठ बसला.

सरांचा चेहरा उतरला होता. त्यांच्या इतक्या रविवारांची माती करत होते मी. "ताई, पट्टा तुमचा जोर खातो. जड आहे. हिशेबानं चेन चांगली आहे हे तुम्हाला पण माहितीये. मग कारण काय?"

"खटक्यानं माझं डोकं उठतं."

"दोन खटक्यांनी?"

"उठतं म्हटलं ना. आणि अजून एक काम करा. मागं एक आडवी दांडी लावून द्या. दादाला ढकलायला नळी नीट हातात येत नाही."

ते कुरकुरतच टेप घेऊन मागं गेले. "किती उंचीवर?"

"दादाच्या कमरेच्या थोडी वर."

"एवढी खाली? ढकलायला दांडी छातीपाशी..." एवढं बोलून ते थांबले. मग खाली वाकून पुली फिरवायला लागले. त्या एका दिवसात पट्टा जिथवर बुडाला होता तिथवर थाळीवर काळा माग उमटला होता आणि तांबडं कडं घासून निघालं होतं. ते त्यावरून बोट फिरवत राहिले. त्यांनी दादाकडं बघितलं नाही, माझ्याकडंही नाही.

"मग जाड पाइप घालतो," ते म्हणाले. "वजन पेलायला हवं."

रविवारी क्षमाचा फोन आला तेव्हा मी दादासमोरच बोलले. "नाही जमलं गं. नवा गिअर आणला, पण तुझे बाबा मागं नसले की गाडी हलत नाही. मला अजून काही वर्षं दे त्यांना." क्षमा चिडली, आत्याचा स्वार्थ वगैरे बोलली. दादानं फोन माझ्या हातातून घेतला. "अगं, मी सांगत नव्हतो का? हिला कोण ढकलणार?" त्याचा आवाज कितीतरी दिवसांनी असा खणखणीत ऐकला. 

तो कधी आजारी असला तर, म्हणून गाडीच्या मागं त्यानंच पाटी रंगवून लावली. 'कृपया मागून ढकलू नये.' सुंदर अक्षर, सावलीसकट. चढावर लोक त्याची चेष्टा करायचे. "मास्तर, पाटी वाचता येत नाही का?" तो म्हणायचा, "येते की. मीच रंगवलीय."

पुढं बरीच वर्षं आम्ही असेच चढलो. दिवाळीच्या सुट्टीत तळेकर सर पट्टा बदलून द्यायचे. जुना काढून बोटांत फिरवून बघायचे आणि दर वेळी नवा थोडा जाड आणायचे. पट्टा जेवढा खायचा तेवढा खायचा, बाकीचा भार माझ्या दंडांवर. तेलाचा वास अंथरुणाला तसाच राहिला. बूथचं झेरॉक्सचं दुकान झालं, मग रिचार्जचं. पायथ्यापासून वर पोचायला आम्हाला इतका वेळ लागायला लागला की वळणावरचा पानवाला मधेच दादाला पाणी द्यायचा. दादा ते मला प्यायला द्यायचा. "पी, दमलीस तू." मी प्यायची.

दादा गेला तो घरीच, झोपेत. क्षमा येऊन राहिली, माझ्या गळ्यात पडून रडली, आणि आत्या, तू आता नाशकाला चल म्हणाली. मी म्हटलं, बघू. दिवसकार्य झालं, ती गेली, आणि सोमवारी मी दुकान उघडायला निघाले.

सपाटीवर पट्टा काठाला होता. दगडी शाळा आली, चढ लागला, पट्टा जरासा आत गेला आणि थांबला. तांबडं कडं लख्ख दिसत होतं, सरांनी दिवाळीत नवीन काढून दिलं होतं. लोक थांबून बघत होते, पण पाटी वाचून कुणी हात लावला नाही. गाडी भराभर चालली होती. आयुष्यात ती इतकी हलकी कधी चालली नव्हती, आणि मला ती थांबवावीशी वाटत होती.

वळणाशी आल्यावर मी सवयीनं ब्रेक लावला. पदरानं तोंड पुसलं, मान पुसली, परत तोंड पुसलं.

"चल," मी म्हटलं, आणि पेडल फिरवलं. पट्टा होता तिथंच राहिला.